गिअरलेस स्कूटरच्या क्लच स्प्रिंगा घरच्या घरी बदलताना

सिग्नलला गाडी उभी आहे, ॲक्सिलरेटर पूर्ण सोडलेला आहे, तरी ती पुढे ओढते आणि ब्रेक दाबून धरावा लागतो. किंवा डबल सीट घेऊन चढाला लागलं की इंजिनाचा आवाज वर चढतच नाही, गाडी नुसती घरघरत दमत जाते. अशी तक्रार घेऊन गॅरेजला गेलं की बहुतेक वेळा उत्तर एकच मिळतं: क्लच गेला, पूर्ण सेट बदलावा लागेल. कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा शूचं लायनर, म्हणजे क्लचच्या तुकड्यांवरचा घासणारा थर, अर्ध्याहून जास्त शिल्लक असतं, ते तुकडे ज्याला आतून धरतात तो ड्रम ठीक असतो आणि दुखणं फक्त स्प्रिंगांचं असतं. कुठली स्प्रिंग कुठलं काम करते हे एकदा समजलं की सेट घ्यायचा की नुसत्या स्प्रिंगा, हे गाडी उघडण्याआधीच बरंचसं ठरवता येतं.

हे लिखाण ॲक्टिव्हा, डिओ, ज्युपिटर, ॲक्सेस अशा 110 ते 125 सीसीच्या स्कूटर डोळ्यांपुढे ठेवून केलं आहे. नटांची मापं आणि कव्हरखालचा तपशील मॉडेलप्रमाणे थोडा बदलतो, कामाचा क्रम बदलत नाही.

दोन वेगळ्या स्प्रिंगा, दोन वेगळी कामं

गाडीच्या डाव्या बाजूच्या लांबट कव्हरखाली पुढे एक पुली असते, मागे एक, आणि दोघींमध्ये रबरी बेल्ट. पुढची पुली इंजिनाच्या शाफ्टवर बसते. तिच्यातले रोलर वेगाने बाहेर फेकले जातात आणि पुलीच्या दोन चकत्या जवळ आणतात, त्यामुळे बेल्ट तिच्यावर वर चढतो. बेल्टची लांबी तेवढीच असल्यामुळे मागच्या पुलीत तो आत ओढला जातो आणि तिच्या चकत्या एकमेकींपासून दूर सरकतात. गिअर बदलतो तो असा, सलग, खटका न बसता. नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने 1958 मध्ये ही रचना मोटारीत आणली. आपल्याकडे ती दुचाकीवर घरोघर पोचली 1984 च्या कायनेटिक होंडाबरोबर. बर्फावर चालणारी स्नोमोबिलही याच तत्त्वावर चालते, फक्त तिच्यात वेगळा शू-क्लच नसतो. पुढची पुली बेल्टला पकडते आणि सोडते, तोच तिचा क्लच.

मागच्या पुलीच्या चकत्या एकमेकींकडे दाबून धरणारी जी जाड, लांब स्प्रिंग असते ती मोठी स्प्रिंग. दुकानात तिला पुली स्प्रिंग किंवा मेन स्प्रिंग म्हणतात. चढ लागला, ओझं वाढलं की बेल्टला परत वर ढकलून गाडीला 'खालच्या गिअरमध्ये' आणणं हे तिचं काम. पुलीच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या नळकांड्यात, तिरप्या खाचा आणि त्यांत फिरणाऱ्या पिना असतात, त्या तिला साथ देतात. ही स्प्रिंग दबून कमजोर झाली की पुली लवकर उघडते, गाडी वरच्या गिअरमध्ये अडकल्यासारखी चालते आणि घाटात मान टाकते. बेल्टवरची पकडही कमी होते, त्यामुळे जोर लावल्यावर तो घसरून चकाकायला लागतो.

त्याच शाफ्टवर, मोठ्या स्प्रिंगच्या बाहेरच्या अंगाला तीन क्लच शू असतात आणि त्यांना आत ओढून धरणाऱ्या तीन छोट्या शू स्प्रिंगा. इंजिन आयडलिंगला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असताना शू ड्रमला शिवायला नकोत, ही यांची जबाबदारी. रेस दिली की केंद्रापासून दूर फेकणारं बल स्प्रिंगांच्या ताणावर मात करतं, शू बाहेर येतात, ड्रमला घासतात आणि चाक फिरतं. छोट्या स्प्रिंगा सैल झाल्या की शू आयडलिंगलाच ड्रमला चाटतात. गाडी ओढते, ब्रेक लावून उभं राहिलं की इंजिन बंद पडतं, आणि शू सतत घासत राहिल्यामुळे विनाकारण झिजतात.

उघडण्याआधी हे बघा

गाडी मेन स्टँडवर घ्या, चांगली गरम होईपर्यंत चालू ठेवा आणि मागचं चाक बघा. ते हलकेच फिरत असेल आणि ब्रेकला नुसता हात लावल्यावर थांबत असेल, तर काही बिघडलेलं नाही. बेअरिंगच्या ओढीने तेवढं फिरतंच. ब्रेक लावल्यावर इंजिन दबत असेल तर शू ड्रमला लागताहेत. पण लगेच पाना हातात घेऊ नका, आधी आयडलिंग तपासा. होंडाच्या 110 सीसी स्कूटरचं आयडलिंग मिनिटाला 1700 फेऱ्यांच्या आसपास असतं, शंभर इकडे-तिकडे. कोणीतरी 'सकाळी गाडी बंद पडते' म्हणून स्क्रू पिळून ते 2200 वर नेऊन ठेवलेलं असेल, तर उत्तम स्प्रिंगसुद्धा शू आत धरू शकणार नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीवर हे स्क्रूने दोन मिनिटांत ठीक होतं. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 इंजेक्शनच्या गाड्यांवर आयडलिंग कंप्युटर सांभाळतो. तिथे ते चढलेलं असेल तर थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ करणं किंवा हवा कुठून गळते ते शोधणं हे पहिलं काम, क्लच नंतर.

गाडी सुटताना थरथरत असेल, म्हणजे पहिल्या दहा-पंधरा फुटांत सगळं अंग हादरत असेल, तर दोष बहुधा स्प्रिंगचा नसतो. लायनरवर काचेसारखा थर चढलेला असतो किंवा ड्रममध्ये धूळ साचलेली असते. टॉप स्पीड कमी झाला असेल तर आधी बेल्टची रुंदी आणि रोलर बघायला हवेत. चढावर जोर कमी पडतो, पण सपाटीवर गाडी पूर्वीसारखीच पळते, अशा वेळी मात्र मोठ्या स्प्रिंगवर संशय घ्यायला हरकत नाही. मागचा ब्रेक आवळून बसलेला नाही ना, एवढं चाक हाताने फिरवून बघा. त्या एका कारणापायी पुष्कळ क्लच फुकट बदलले जातात.

काय काय लागेल

8 आणि 10 चा टी-पाना, सॉकेट सेट, ड्रम धरायला युनिव्हर्सल होल्डर, मागच्या पुलीच्या मोठ्या नटासाठी 39 मिमीचा सॉकेट (बहुतेक गाड्यांना हाच लागतो, तरी विकत घेण्याआधी नट व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीने, मोजा), स्प्रिंग दाबून धरायला कॉम्प्रेसर किंवा मोठा सी-क्लॅम्प, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने नट आवळणारा पाना), व्हर्नियर, नोज प्लायर, ब्रेक क्लीनरचा डबा, 120 नंबरचा पॉलिश पेपर, उष्णता सोसणारं ग्रीस, मास्क आणि चष्मा. ग्रीस घेताना ड्रॉप पॉइंट, म्हणजे ते पातळ होऊन गळायला लागतं ते तापमान, 200 अंशांच्या वर आहे का ते पाकिटावर वाचा. चाकाच्या बेअरिंगला लावतात ते साधं ग्रीस इथे वितळून बेल्टवर उडतं.

स्प्रिंगा घेताना गाडीचं मॉडेल आणि साल सांगून कंपनीच्याच घ्या. शू स्प्रिंगा तिन्ही एकदमच. एकच बदलली तर तो एक शू इतरांपेक्षा वेगळ्या वेळी बाहेर येतो, ड्रमला एका बाजूने घासतो, आणि आधी नसलेली थरथर सुरू होते.

बाजारात '1000', '1500', '2000' असे आकडे लिहिलेल्या पिवळ्या, पांढऱ्या, लाल स्प्रिंगा मिळतात. आकड्याचा अर्थ साधारण असा, की मूळ स्प्रिंगपेक्षा तेवढ्या जास्त फेऱ्यांना पुली उघडेल. रंगांचा अर्थ मात्र प्रत्येक बनवणाऱ्याचा वेगळा, म्हणून रंगावर जाऊ नका. रोजच्या गाडीला यातली एकही घालू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. कडक मोठी स्प्रिंग घातली की इंजिन कायम चढ्या आवाजात राहतं, बेल्ट तापतो, ॲव्हरेज पडतं, टॉप स्पीड हाताला लागत नाही. शू स्प्रिंगा कडक घातल्या तर शू उशिरा आणि जोरात धरतात. सुटताना झटका बसतो आणि गर्दीत हळू चालवताना ड्रम तापून निळा पडतो. इंजिनात काही बदल केला असेल तरच या स्प्रिंगांना अर्थ आहे, आणि तेव्हाही रोलरच्या वजनाशी मेळ घालून.

कव्हर उतरवणं

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. कव्हरच्या आतली हवासुद्धा तासभर गरम राहते. गाडी मेन स्टँडवर, किल्ली बाहेर.

किकच्या दांड्याला उतरवण्याआधी शाफ्टवर आणि दांड्यावर मिळून रंगाची एक रेघ मारा, म्हणजे तो परत त्याच दातावर बसेल. दांड्याचा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, तो पूर्ण काढावा लागतो, कारण शाफ्टच्या खाचेतून तो आरपार जातो. अर्धवट सैल करून हातोडीने ठोकलं तर शाफ्टचे दात जातात. काही मॉडेलवर एअर फिल्टरचा डबा कव्हरवर आलेला असतो, त्याचे बोल्ट काढून तो वर उचलून धरावा लागतो. मागच्या ड्रम ब्रेकची केबल कव्हरच्या खालच्या कडेला क्लिपमध्ये असते, तीही सोडवा.

कव्हरचे बोल्ट एकाच लांबीचे नसतात. एका पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा आणि निघेल तो बोल्ट त्याच जागी खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी आवळला तर ॲल्युमिनियमचा आटा सोलून निघतो, आणि आखूड बोल्ट लांब जागी लावला तर दोन-तीन आट्यांवरच लटकून तो कधीतरी गळून पडतो. सगळे बोल्ट निघाल्यावरही कव्हर गॅस्केटला चिकटून राहील. सपाट स्क्रू-ड्रायव्हर फटीत घालून उचकू नका, लाकडी दांड्याने किंवा रबरी हातोडीने कडेकडेने टकटक करा. कव्हर सुटताना किकचा छोटा गिअर आणि त्यावरची वळलेली फ्रिक्शन स्प्रिंग बाहेर पडू शकते. ती कव्हरच्या कुठल्या खाचेत टेकली होती, याचा फोटो आधी काढून ठेवा. नंतर सगळ्यात जास्त डोकं खाणारी गोष्ट हीच.

आतली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. ती लायनरची आणि बेल्टची पूड असते, थेट छातीत जाते. मास्क लावा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्या.

ड्रम आणि मागची असेंब्ली

ड्रम होल्डरने धरा आणि मधला नट उलट फिरवून काढा. आटा साधा, उजवाच आहे. होल्डर नाही म्हणून पुढच्या पुलीवरच्या पंख्याच्या पात्यांत स्क्रू-ड्रायव्हर अडकवायची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. पातं तुटलं की पुली असंतुलित होते आणि तो कंप पुढे इंजिनाच्या बेअरिंगपर्यंत पोचतो.

ड्रम निघाला की समोर तीन शू दिसतील. आता पुढची पुली उघडायची गरज नाही. मागच्या पुलीजवळ बेल्टच्या दोन्ही बाजू मुठीत धरून जोरात आवळा, म्हणजे बेल्ट चकत्यांच्या मधे आत शिरेल आणि पुढे ढिला पडेल. तसाच दाबून धरत अख्खी असेंब्ली (मागची पुली, मोठी स्प्रिंग आणि शू मिळून) शाफ्टवरून बाहेर ओढा आणि बेल्ट तिच्यावरून सोडवा. बेल्टवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. पुसट झाला असेल तर खडूने नवीन काढा.

मोठा नट: इथे घाई नको

या कामात इजा होण्याची जागा एकच, आणि ती ही. मोठ्या नटाच्या मागे स्प्रिंग पूर्ण ताणाने दाबलेली आहे. कॉम्प्रेसर न लावता नट काढला तर शेवटचा आटा सुटताक्षणी शू जिच्यावर बसवलेले असतात ती क्लचची लोखंडी थाळी नटासकट तोंडावर येते.

क्रम असा ठेवा. क्लचची थाळी होल्डरने धरून नट फक्त अर्धा फेरा सैल करा, पुढे नाही. मग असेंब्ली कॉम्प्रेसरमध्ये बसवा. त्याच्या दोन्ही बोटांचा दाब थाळीच्या लोखंडी भागावर आला पाहिजे, शूवर नाही. स्प्रिंग थोडी दाबा, म्हणजे नटावरचा ताण जाईल आणि तो हाताने फिरेल. नट काढा. आता कॉम्प्रेसरचा स्क्रू हळूहळू सोडत जा, स्प्रिंग पूर्ण मोकळी झाल्याची खात्री होईपर्यंत. दोघं असतील तर एकाने दाबायचं आणि दुसऱ्याने नट काढायचा, असं गॅरेजमध्ये उभ्याउभ्या करतात. हाताखालून एकदा निसटलं की आवरत नाही, म्हणून ही पद्धत आम्ही सांगणार नाही.

थाळी उचलली की मोठी स्प्रिंग, तिच्या टोकाची बैठक आणि आत हबवर बसलेली एक नळी दिसेल. नळी पिळत वर ओढली की खाली तिरप्या खाचा आणि पिना येतात. फक्त स्प्रिंग बदलायची असली तरी ही नळी काढून बघाच. आतलं ग्रीस सुकून काळं झालेलं असेल तर पिना खाचेत अडकतात, पुली वेळेवर बंद होत नाही, आणि लक्षणं हुबेहूब कमजोर स्प्रिंगची दिसतात. नवी स्प्रिंग घालूनही फरक पडला नाही, तर त्यामागे फार वेळा हे असतं. पिना काढा, खाचांच्या कडांवर नख फिरवा. पायरी लागली तर पुलीची ती चकती बदलायला झाली आहे. सगळं पुसून आत साधारण 5 ग्रॅम ग्रीस भरा, छोटा चमचाभर. नळीच्या ओ-रिंगा फाटक्या असतील तर नव्या घाला, नाहीतर हेच ग्रीस बेल्टवर येईल.

आता जुनी आणि नवी स्प्रिंग काचेवर किंवा सपाट फरशीवर शेजारी-शेजारी उभ्या करा. तारेची जाडी आणि वेटोळ्यांची संख्या सारखी हवी, नसेल तर भाग चुकीचा आलाय. उंचीत जुनी स्पष्ट कमी भरली तर निदान बरोबर होतं. दोन्ही एकाच उंचीच्या निघाल्या तर थांबा. दोष दुसरीकडे आहे, पिनांत, बेल्टमध्ये किंवा रोलरमध्ये. अशा वेळी जुनीच परत घातली तरी चालेल.

शू स्प्रिंगा

थाळीवर शूच्या तीन पिनांना क्लिपा असतात. चष्मा लावा, क्लिप स्क्रू-ड्रायव्हरने काढताना वर अंगठा धरा, नाहीतर ती उडून जाते आणि सापडत नाही. वरची पट्टी उचला आणि पुढचं काही करण्याआधी स्प्रिंगांचा जवळून फोटो घ्या: हुक कुठल्या भोकात आहे, हुकाचं उघडं तोंड कुठल्या बाजूला आहे.

जुनी शू स्प्रिंग उजेडासमोर धरून बघा. चांगल्या स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना घट्ट चिकटलेली असतात, मधून उजेड दिसत नाही. फरशीवर टाकली तर 'टक' असा बंद आवाज येतो. ताणून सैल झालेली किणकिणते. हुकाची आतली बाजूही बघा. शूच्या भोकात घासून तिथे तार खाचेसारखी बारीक झालेली असते आणि तुटते ती तिथेच. तुटलेला हुक ड्रममध्ये फिरत राहिला तर लायनर आणि ड्रम दोन्ही ओरबाडले जातात. आयडलिंगला येणारा खडखड आवाज, रेस दिली की गायब होणारा, बऱ्याचदा याचाच असतो.

शू सोडवल्यावर लायनरची जाडी तीन ठिकाणी मोजा. नवं लायनर 4 मिमीच्या आसपास असतं. 2 मिमीपर्यंत आलं की शू बदला, तिथे स्प्रिंगांवर पैसे घालण्यात अर्थ नाही. जाडी ठीक आहे पण पृष्ठभाग आरशासारखा चमकतो आहे, तर पॉलिश पेपर सपाट लाकडावर नाही, ड्रमच्याच आतल्या गोलाईवर धरा आणि शू त्यावर हलक्या हाताने घासा. गोलाई बिघडत नाही आणि चकाकी जाते. ड्रमचा आतला व्यासही मोजून घ्या. होंडाच्या या वर्गातल्या गाड्यांना नवा ड्रम 125 मिमीचा असतो आणि 125.5 झाला की बदलायचा. आत निळे-जांभळे डाग दिसले तर क्लच खूप वेळ घसरत चाललाय. डाग असूनही ड्रम गोल असेल तर वापरता येतो, बारीक तडे दिसले तर नाही.

शू परत बसवताना पिनांवर ग्रीसचा नुसता हात फिरवा आणि जास्तीचं पुसून काढा. लायनरला ग्रीसचं बोट लागलं तर ब्रेक क्लीनरने लगेच धुवा. दोन स्प्रिंगा हाताने हुकात बसतात, तिसरीला जोर लागतो. नोज प्लायरने हुक ओढताना तारेवर ओरखडा उठतो, आणि त्याच जागी ती पुढे तुटते. त्याऐवजी मजबूत सुतळीचा फास हुकात अडकवून ओढा, हुक भोकात बसला की सुतळी काढून घ्या. तिन्ही शू बोटाने बाहेर ढकलून सोडा. तिन्ही सारख्याच जोराने परत आले पाहिजेत.

जोडणी

पिना, नळी, मोठी स्प्रिंग, तिची बैठक, वर थाळी. कॉम्प्रेसरने दाबताना हबच्या टोकाला दोन सपाट बाजू दिसतील आणि थाळीच्या भोकालाही तशाच. त्या एकमेकींत बसल्याची डोळ्यांनी खात्री करा. किंचित तिरक्या राहिल्या तरी नट दोन-चार आटे जातो आणि घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण थाळी हबवर टेकलेलीच नसते. गाडी चालवल्यावर ती बसते, नट सैल होतो आणि हबचे आटे जातात. नट आधी पूर्ण हाताने फिरला पाहिजे. मग कॉम्प्रेसर काढा, थाळी होल्डरने धरा आणि टॉर्क रेंचने आवळा. होंडाच्या लहान स्कूटरवर हा नट साधारण 54 न्यूटन-मीटर असतो आणि बाहेरचा ड्रमचा नट साधारण 49. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो घ्या. सोडवताना इम्पॅक्ट गन चालेल, आवळताना नको.

पुलीच्या चकत्यांचा आतला भाग ब्रेक क्लीनरने पुसा, बोटांचे ठसेसुद्धा राहू देऊ नका. बेल्ट कोरड्या फडक्याने पुसून बाण पुढच्या दिशेला ठेवून मागच्या पुलीत खोल दाबा, आणि तो दाबलेला असतानाच असेंब्ली शाफ्टवर सरकवा. ड्रम चढवा, नट आवळा. मग मागचं चाक हाताने फिरवत राहा, पुढच्या पुलीवरून बेल्ट घसरला नाही ना ते बघत. काही फेऱ्यांत बेल्ट मागच्या पुलीत वर येऊन तिच्या बाहेरच्या कडेशी टेकेल. रोलर किंवा पुढची पुली उघडली असेल तर ही काळजी दुप्पट घ्या. बेल्ट ताणलेला असताना पुढची चकती शाफ्टच्या दातांवर पूर्ण बसत नाही, नट मात्र आवळला जातो आणि चकती बेल्टलाच चावते. थोड्याच अंतरात दात सोलले जातात, आणि मग खर्च क्रँकशाफ्टपर्यंत जातो.

कव्हर लावण्याआधी त्याच्या दोन पोकळ पिना जागेवर आहेत का, किकची फ्रिक्शन स्प्रिंग फोटोप्रमाणे खाचेत आहे का, गॅस्केट अखंड आहे का, हे बघा. बोल्ट समोरासमोरचे, दोन टप्प्यांत, 10 ते 12 न्यूटन-मीटर. किकचा दांडा रेघेवर बसवून किल्ली बंद असताना हाताने दोन-तीनदा हळू दाबा. तो अडखळला किंवा परत वर आला नाही, तर जोर लावू नका, कव्हर पुन्हा काढा.

कव्हर उघडं ठेवून किंवा ड्रम काढलेला असताना 'जरा बघू या' म्हणून इंजिन कधीही सुरू करू नका. ड्रम नसेल तर शूंना थांबवणारं काहीच नसतं. नव्या स्प्रिंगा त्या एका रेसमध्ये ताणल्या जातात, तुटल्या तर तुकडे गोळीसारखे उडतात.

चाचणी आणि नंतरची देखभाल

मेन स्टँडवर सुरू करून आयडलिंगला पाच मिनिटं ठेवा, मग ब्रेक लावून बघा. इंजिन दबता कामा नये. हळूहळू रेस द्या. चाक एका ठरावीक आवाजाला, झटका न देता फिरायला लागलं पाहिजे. स्टँडवर जोरात रेस देऊन चाक गरगर फिरवण्याने काही कळत नाही. खरी परीक्षा रस्त्यावर, ओझं असताना. मोठी स्प्रिंग बदलली असेल तर नेहमीच्या चढावर नेहमीच्या ओझ्याने जा. इंजिनाचा आवाज आधीपेक्षा चढेल आणि गाडी वेग धरून ठेवेल. आवाज चढला पण वेग वाढला नाही, तर बेल्ट घसरतोय. पुलीवर ग्रीस गेलं असेल किंवा बेल्ट झिजून अरुंद झाला असेल.

शू नवे घातले असतील किंवा घासले असतील तर पहिले शंभरेक किलोमीटर पूर्ण रेसने सुटू नका. थोडा जळका वास सुरुवातीला येतो, तो दोन-तीन दिवसांत गेला पाहिजे.

स्प्रिंगा लवकर कमजोर होतात त्या उष्णतेने, आणि उष्णता तयार होते शू अर्धवट धरलेले असताना. चढावर सिग्नल लागला की ब्रेकऐवजी हलकी रेस देऊन गाडी जागेवर धरणं, गर्दीत सेकंदा-सेकंदाला रेस सोडणं-देणं, दुधाचे कॅन किंवा गॅस सिलिंडर लादून घाट चढणं, यात ड्रम क्षणात तापतो. ओझं वाहणाऱ्या गाडीचं कव्हर प्रत्येक सर्व्हिसिंगला उघडून धूळ पुसून घेणं हा खर्च नाही, बचत आहे.

कोकण आणि मुंबईकडच्या गाड्यांसाठी पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की कव्हरच्या हवेच्या वाटेने पाणी आत शिरतं. रेस दिली तरी गाडी हलत नाही, आणि ती वाळेपर्यंत लोक रेस देत राहतात. तसं करू नका, ओला बेल्ट घसरून एका जागी जळतो. गाडी बंद करा, खाली कव्हरला पाणी काढायची रबरी टोपी असेल तर ती उघडा. घरी आल्यावर एक-दोन दिवसांत कव्हर काढून ड्रमच्या आतला गंज पॉलिश पेपरने पुसून घ्या. शू स्प्रिंगांच्या हुकांवर गंजाचे ठिपके दिसले तर त्या कितीही घट्ट वाटल्या तरी बदला, कारण गंजलेली तार न ताणता सरळ तुटते.

500 किलोमीटरनंतर एकदा कव्हरचे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा, आणि थंड इंजिनावर किक मारताना कव्हरच्या मागच्या भागातून नवीन आवाज येतो का ते ऐका. 'कर्र' असा आवाज आला तर ड्रमचा नट पुन्हा बघावा लागेल.